ढिगातली ऊब

४ नोव्हेंबर

सामान लावून झालं. बायकोनं, मारिटनं, स्वयंपाकघराच्या खिडकीला पिवळे पडदे लावले, कॉफी ठेवली आणि घर आपलं झालं. समोर साखरेच्या बीटांचा ढीग दिसतो, दुमजली घराएवढा उंच आणि पार रस्त्यापर्यंत लांब. शेतांतून आलेलं बीट हिवाळाभर इथंच उघड्यावर राहतं आणि हळूहळू कारखान्याकडे जातं. उपटलेलं बीटही श्वास घेत असतं. ढिगात कुठं ऊब धरली की ते कुजायला लागतं. ती ऊब उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यानं शोधायची, हे माझं काम. या वयात नवं काम मिळालं म्हणून जेवणाआधी मी देवाचे आभार मानले. मारिट म्हणाली, पडद्यांचेही मान.

६ नोव्हेंबर

मुकादम डेल्मर क्वामेनं कॅमेरा हाती दिला. त्याचा गेन, म्हणजे कुठल्या उबेला किती पांढरं दाखवायचं ते माप, आपोआप बदलतो. चौकटीत जे सगळ्यात उबदार ते पांढरं, जे सगळ्यात गार ते काळं. मग दोहोंत फरक एका अंशाचा असो की शंभराचा. त्यामुळे सगळंच गार असलं तरी चित्रात काहीतरी पांढरं चमकतंच. मला हे ठाऊक नव्हतं. सगळीकडे पांढरे ठिपके पाहून मी उकरायचं यंत्र मागवायला धावलो आणि माणसं पोट धरून हसली.

"हॅल्वर, लेका," डेल्मर म्हणाला, "तू तर बर्फालाही आग लागली म्हणशील."

मग गेन एका जागी बांधून का ठेवत नाही, असं मी विचारलं. हसणं थांबलं. इथं ऑटोच चालतं, सेटिंगला हात लावायचा नाही, एवढंच तो बोलला.

१५ नोव्हेंबर

ऊब सापडली की तेवढा भाग त्याच दिवशी उकरून कारखान्यात धाडतात. फक्त उत्तरेकडचा एक पट्टा तसाच ठेवलाय. त्याला सगळे 'चूल' म्हणतात. दुपारी तिथं पाठ टेकून डबे खातात. आज मारिट माझ्यासाठी हॉटडिश, भट्टीत भाजलेलं मांस-बटाट्याचं गरम भांडं, घेऊन आली, तर डेल्मरनं उठून तिला आपली जागा दिली. घरी परतताना ती म्हणाली, तिथं बसलं की माहेरी गेल्यासारखं वाटतं.

२८ नोव्हेंबर

मारिटचे पाय अंथरुणात बर्फासारखे लागतात. तिची तक्रार काही नाही. पण भांडी विसळून झाली की चुलीकडे जाते, कॉफी अर्धी टाकून. चर्चमध्ये शेजारी बसली होती तेव्हा तिच्या बाजूनं गार झुळूक आल्यासारखं वाटलं. आज मुद्दाम तिला कॅमेऱ्यातून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. जीव भांड्यात पडला.

९ डिसेंबर

मी सेटिंगला हात लावला. काळ्याची हद्द बत्तीस अंश फॅरनहाइटवर, पाणी गोठतं तिथं, बांधली, पांढऱ्याची शंभरावर. माझा तळहात जवळजवळ पांढरा आला, बीटं काळपट करडी. मग कॅमेरा चुलीकडे वळवला.

डबे खाणारी माणसं मला सापडेनात. त्यांची तोंडं, हात, सगळं बीटांच्याच करड्या रंगाचं. मारिट त्यांच्यात बसली होती. जरा फिकट, एवढाच फरक. आणि तिच्या पाठीमागं ढिगात एक पांढरा डाग. अठ्ठ्याण्णव अंश, जिवंत माणसाच्या अंगाएवढी ऊब.

ऑटोवर नेलं. सगळे पुन्हा पांढरे झाले. हसत होते.

१० डिसेंबर

घरातल्या तापमापकाचा पारा तिच्या जिभेखाली हललाच नाही. ती म्हणाली, जुना झालाय.

डेल्मरला गाठलं. तो चिडला नाही. पहिला हिवाळा जड जातो, म्हणाला, मग ऊब लागतच नाही. त्याची स्वतःची ऊब कधीच गेली. मी म्हटलं, चूल उकरा. तो म्हणाला, तिची वेळ आली की गाड्या येतात, मधे कुणी हात लावत नाही. मी विचारलं, मग त्या उबेचं काय होतं?

"साखर," तो म्हणाला. "कॉफीत घालतोस ना?"

१४ डिसेंबर

हद्द आणखी आवळली. नव्वद ते अठ्ठ्याण्णव. डागाला आकार आहे. गुडघे पोटाशी घेतलेली बाई. डावा खांदा उतरता — मारिटचा.

घरात मारिट उकळत्या पाण्यात भांडी धुते आहे. हात लालसुद्धा होत नाहीत.

उद्या चूल न्यायला कारखान्याच्या गाड्या येणार.

१५ डिसेंबर

उजाडल्यापासून उकरतोय. फावड्यानं, मग हातांनी. बोटं वळेनात म्हणून माझ्या गाडीत येऊन बसलो. माणसं लांब उभी आहेत. कुणी अडवत नाही.

कोपरापर्यंत हात आत गेला. आतून कुणीतरी बोटं धरली. उबदार. मारिटचीच पकड — आणि मग आणखी बोटं — मारिटची नव्हेत — कितीतरी —

मी हात ओढून घेतला. देवा, मी ओढून घेतला.

परत जातो.

गाड्या फाटकातून आत आल्या.

मारिट गाडीचं दार उघडून शेजारी बसली आहे. ही बाहेरची. माझा डावा हात हातात घेतलाय. सोडत नाही. म्हणते, "ऑटोवर कर, हॅल्वर. ऑटोवर मी बरी दिसते."

समोर कॅमेरा आहे, पुन्हा बत्तीस ते शंभरावर बांधलेला. डावा हात मनगटापर्यंत करडा. आता कोपरापर्यंत. दुखत नाही — उलट बरं —

लिहिणारा हात अजून पांढरा आहे. हिला झटकलं तर ही — नाही झटकलं तर ती, आत, हात पुढे करून —

पहिली गाडी चुलीशी लागली. प्रभू, दोघींपैकी कुणाचा हात मी सो