दोघींची सायकल

६ नोव्हेंबर ५५, रवि.

आज तिसऱ्यांदा पडले. कोपर सोललं, पातळ गुडघ्यापाशी फाटलं. टेकडीमागचं मैदान, भाड्याची सायकल. उजाडायच्या आधी गेल्तो म्हणून बघायला कोणी नव्हतं.

जुबेदानं बुरखा बाभळीला अडकवला अन् सरळ निघाली ती पार विहिरीपर्यंत. वळता येईना म्हणून उडीच मारली. मी मातीत, ती काट्यात. हसून हसून पोट दुखलं.

शाळा एक, पण तिचा उर्दू वर्ग सकाळचा, माझा मराठी दुपारचा. अंबडहून तीन मैल. ती पायी परत येते तेव्हा मी पायी निघते. तीच म्हणाली, "बाई, दोघींना दोन कशाला? मी आले की तुम्ही न्यायची." खरंच की. निम्मे तिचे, निम्मे माझे. ठरलं.

९ नोव्हें., बुध.

यांना सांगितलं. म्हणाले, "सायकल घे, बिलकुल घे. पण भागीत कशाला?" म्हटलं, एकटीला झेपत न्हाई. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "उद्या काही मोडलं तर भांडण होणार. अन् इथं ते दोन बायांचं भांडण राहत न्हाई. आपण बघितलंय." सात साल झाले पोलीस ॲक्शनच्या त्या दिवसांना. तरी तो विषय निघाला की यांचा आवाज खाली जातो.

मी म्हटलं, भांडण होणार न्हाई. जुबेदा तशी न्हाई अन् मी बी न्हाई.

२० नोव्हें., रवि.

चालवता येते आता! उतरता न्हाई येत नीट. थांबवायची म्हटलं की पाय कुठं टेकवावा कळत न्हाई.

काल ती शाळेतून परतल्यावर, मी निघायच्या आधी, दोघी माझ्या ओट्यावर बसून रंग ठरवत होतो. मी काळी म्हणत होते. जु. म्हणाली, काळ्यावर धूळ दिसती, हिरवी घेऊ. तिच्या अब्बांनी एकच बजावलंय : चेनकव्हर पुरं पाहिजे, न्हाईतर बुरखा अडकेल. मी म्हटलं, माझं पातळ बी अडकेल. "मंग झालं, अब्बा दोघींचे."

२७ नोव्हें., रवि.

जालना. सायकल आणली. हिरवी, देशी.

सरकारी मोटारीनं गेलो तिघं, हे बी आले. दुकानात तीन लेडीज सायकली होत्या. एक विलायती, काळी, सोनेरी रेघांची. शेठ म्हणाले, "बाईसाब, तीस साल हाथ लगाना नहीं पडता." पावणेतीनशे! दुसरी निळी, तिचं चेनकव्हर अर्धंच. तिसरी ही. सव्वादोनशे सांगितली. शेठ सगळं यांच्याकडे बघून बोलत होते. हे म्हणायचे, "तिला विचारा," तरी परत यांच्याचकडे.

मग जु. पुढं झाली. डायनामोचे किती? अलग. घंटी? अलग. पंप? तोही अलग. "शेठ, मंग सायकलीत हाय काय? हवा बी अलग लावता का?" दुकानातले सगळे हसले. शेठसुद्धा. दोनशेवर आले, घंटी, डायनामो, पंप धरून.

घरी आल्यावर यांनी सायकलीला कुंकू लावलं, नारळ फोडला. आळीतल्या बाया बघून गेल्या. मी खोबरं वाटलं.

मधलं लिहायचं राहिलं. उद्या.

२९ नोव्हें., मंगळ.

काल लिहिलं न्हाई. आज लिहून टाकते.

वन्सं दुकानात आल्या. जालन्यालाच दिलंय त्यांना. यांनीच निरोप धाडला होता, आम्ही येतोय, बघायला या म्हणून. सायकलीवरून हात फिरवला, "छान हाय गं." मग हळूच, म्हणजे त्यांच्या हळूच : "अन् ही कोण? ऐकलं ते खरं का? भागीत घेताय? हिच्याबरोबर?"

मी म्हटलं, "छे हो वन्सं. त्या सहज आल्यात संगं. भाव करायला."

इतकंच. कोणी बोलायला लावलं न्हाई. वन्संनी आवाज बी चढवला नव्हता.

जु. पाठमोरी उभी राहून घंटी वाजवून बघत होती. घंटी थांबली.

मग ती गादीपाशी गेली अन् शेठना म्हणाली, "दस रुपये और." अजून दहा उतरवले. एकशे नव्वद. मी माझे पंचाण्णव काढले, तिच्याकडे बघितलं. तिनं बटवा काढला न्हाई. "मुबारक हो बाई," म्हणाली. हे पुढं झाले अन् खिशातून बाकीचे मोजून दिले. घरून निघतानाच संगं घेतले होते. मला म्हाईत नव्हतं. का घेतले, ते मी विचारलं न्हाई.

येताना सायकल मोटारीच्या टपावर. जु. पुढच्या बाकावर, मी मागं. शेजारची जागा रिकामी होती तिच्या.

१ डिसें., गुरु.

पहिला दिवस सायकलवर. गावात शिरताना पोरी मागं पळत आल्या, "बाई आल्या, बाई आल्या!"

त्याच्या आधी नाल्याच्या पुलावर जु. समोरून आली. पायी. बुरखा घोट्यापर्यंत धुळीनं पांढरा. मी थांबले न्हाई. उतरता येत न्हाई हे खरं आहे, पण ब्रेक होता. घंटी वाजवली अन् पुढं गेले. घंटी वाजवली मी! बाजूला हो म्हणतात तशी.

तिनं सलाम केला. ती बाजूला झाली होती.

५ डिसें., सोम.

आज ज्वारीच्या शेतातून, बैलगाडीच्या वाटेनं गेले. भेट चुकली. शाळेत पोचायला उशीर. हेडमास्तर घड्याळाकडे बघून म्हणाले, "सायकल आली अन् उशीर वाढला की."

खरं लिहायचं तर सायकल फार आवडते. उतारावर पायडल मारावं लागत न्हाई, पदर मागं उडतो. त्या अर्ध्या मैलात काही आठवत न्हाई. मग चढ लागतो.

८ डिसें., गुरु.

आज उतरले. पुलाच्या अलीकडेच थांबवली, पडता पडता. "जुबेदाबाई," म्हटलं.

"बोला."

काय बोलायचं ते सकाळपासून ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "बसता का मागं? सोडते."

"तुमची शाळा तिकडं बाई, माझं घर इकडं."

मी हँडल सरळ केलं. मग तीच म्हणाली, "माझी दलाली राह्यली की हो. भाव करायला आल्ते ना मी."

तोंडावर जाळी होती. हसून म्हणाली का कसं, कळलं न्हाई. निघून गेली.

दुपारी पोरींना बेरीज घातली, मलाच जमेना. फळा पुसून गोष्ट सांगितली.

११ डिसें., रवि.

हे सकाळपासून सायकल पुसत होते. चाकाच्या तारा एकेक. इतक्या मायेनं की रागावता येईना. सगळं सांगितलं, पुलावरचं बी. म्हणाले, "तिनं आपण होऊन पैसे दिले न्हाईत. आपण देऊ नको म्हणालो का?"

म्हणालो न्हाई, हे बराबर आहे. मी फक्त तिला नसल्यासारखं केलं. यांना हे समजावता आलं न्हाई. थोड्या वेळानं म्हणाले, "ताई समोर आल्या की मी बी असाच बोलतो. लहानपणापासून." अन् परत तारा पुसायला लागले.

१४ डिसें., बुध.

तपासणीचे साहेब आल्ते. दोन्ही वर्ग एकाच वेळी भरवले, म्हणून जु. बी थांबली. साहेबांनी सायकल बघितली. सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंचं धाडस बघा. कल्पना कोणाची?"

मी पटकन म्हटलं, "जुबेदाबाईंची, साहेब. भावसुद्धा त्यांनीच केला."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती म्हणाली, "न्हाई साहेब. मला काय म्हाईत सायकलीचं? मी पायी येते." अन् वर्गात गेली.

आतून पोरींचा पाढ्यांचा आवाज लगेच सुरू झाला. साहेबांनी माझी पाठ थोपटल्यासारखं काहीतरी म्हटलं. ऐकलं न्हाई.

१८ डिसें., रवि.

दुपारी तिच्या घरी गेले. सायकल घेऊन. तिच्या गल्लीत पहिल्यांदाच. आजवर तीच येत होती माझ्याकडे, हे तिथं गेल्यावर ध्यानात आलं.

अंगणात अब्बा बाजेवर बसलेले. "आओ बेटी." चहा सांगितला. दाराशी लावलेल्या सायकलीकडे बघत राह्यले. मग म्हणाले, "जुबेदाला जालन्यात एक बी पसंद न्हाई आली. चेनकव्हर बराबर नव्हते म्हणे. मी बी म्हटलं, छोड दे, जल्दी काय हाय." उठले, वाकून बघितलं, बोटानं ठोकलं. "याचं तर पुरं हाय. अच्छी चीज मिली तुमको."

तिनं घरी माझं वागणं झाकलं होतं.

जु. दारात येऊन उभी होती, चहाचा कप हातात. मी अब्बांनाच सांगितलं. ही जुबेदानंच पसंत केली. दोघींसाठी. वन्संसमोर मी नाकारलं. काय बोलले ते शब्द बी सांगितले. 

अब्बा बाजेवर बसले. "बेटी, हे मला कशाला? तिला बोल." अन् आत गेले. जाताना माझ्याकडे बघितलं न्हाई.

जु.नं कप बाजेवर ठेवला. म्हटलं, माझी चूक झाली. म्हणाली, "म्हाईत हाय." म्हटलं, अर्धी तुमचीच आहे.

"अर्धी नको बाई. अर्धीचं लोक विचारत्यात अन् तुम्हाला उत्तर द्यावं लागतं."

"आता देईन."

"वन्संला?"

लगेच हो म्हणता आलं न्हाई. तिनं ते बघितलं. बघून थोडीशी हसली, अन् मला त्या हसण्यानं रडू आलं. ती म्हणाली, "चहा प्या, थंड होऊन राह्यला."

चहा प्याले. सायकल तिथंच ठेवली. घेऊन जा म्हणाली न्हाई. ठेवा बी म्हणाली न्हाई.

पायी घरी. यांनी विचारलं, सायकल कुठाय? म्हटलं, जुबेदाकडे. उद्या सकाळची तिची पाळी. हे दारातून बाहेर बघत राह्यले. मग म्हणाले, "अन् तिनं नेलीच न्हाई तर?"

म्हटलं, म्हाईत न्हाई.

वन्संना कार्ड लिहायला घेतलंय. "ती. वन्सं यांस, सा. न. वि. वि." इथवर आलं. उद्या जरा लवकरच निघते. समोरून ती पायीच आली तर तिच्या संगं अंबडकडे थोडं परत चालता येईल.