शुक्रवारी लाइट नसते

अहो,

पत्र लिहायला बसले म्हणून हसू नका. तुम्हाला कधी पत्र लिहिलंच नाही मी, कारण लिहिण्याएवढे लांब तुम्ही कधी गेलातच नाहीत. आपलं दिवा गाव ते मानपाड्याचे कारखाने आणि मानपाडा ते दिवा, एवढंच तुमचं जग. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की फोन यायचा, "भाकरी टाकू नकोस एवढ्यात." तेवढंच काय ते आपलं दूर राहणं.

आज लिहितेय, कारण लेक तुमचीच आहे आणि कोणाचं ऐकत नाही. परवा शुक्रवारी अक्षता कामाला लागतेय. काम कुठलं, सांगू? छतांवर सोलर बसवायचं.

ऐकलंत ना? आता बोला!

आयटीआयला तिने इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतला तेव्हाच मला ते नको होतं. मनाची समजूत घातली, की शिकेल आणि कुठेतरी ऑफिसात बसेल. पण कल्याणच्या एका कंपनीने तिला थेट छतावरच्या टीममध्ये घेतलं. पेढे घेऊन आली आणि पुडा तुमच्या फोटोपुढे ठेवला. मी तो उचलून आत नेला. तुमच्यापुढे त्या कामाचे पेढे ठेवू? नाही झालं माझ्याच्याने. मग काय, मायलेकींचा अबोला.

तुम्हाला आता इकडची छतं ओळखू यायची नाहीत. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिकडे बघाल तिकडे पॅनेल. सोसायट्या झाल्या, शाळा झाल्या, कारखान्यांच्या शेडसुद्धा सुटल्या नाहीत. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "कोळशाचे दिवस संपले, आता ऊन फुकट आहे!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. फुकट म्हणे! एकदा मला विचारा म्हणावं.

आणि तुम्हाला तरी काय कमी हौस होती? अक्षता लहान असताना तिने विचारलेलं, "बाबा, लाइट येते कुठून?" तुम्ही म्हणालात, "तिकडे लांब कोळसा जाळतात, तेव्हा आपल्या दिवा गावात पंखा फिरतो." पुढे मानपाड्याच्या शेडवर पहिले पॅनेल चढले, तेव्हा फोनवर फोटो काढून आणलात आणि जेवता जेवता दाखवत बसलात. "बघ, आता नुसत्या उन्हावर मशीन चालणार. धूर नाही, काही नाही." डाळ गार झाली तरी तुमचं सोलर चालूच. तुमचा तो चेहरा मला आठवतो आणि मग मला तुमचाच राग येतो.

तुमचा वार शुक्रवार. सगळं जग रविवारी सुट्टी घेतं, मानपाड्याचे कारखाने शुक्रवारी. त्या दिवशी मशीन बंद आणि दुरुस्तीसाठी लाइनही बंद ठेवतात, म्हणून वायरमन लोकांची सगळी कामं शुक्रवारी. मी काळजी केली की तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. "अगं, शुक्रवारी लाइट नसते. शुक्रवारी वायरमनला मरण नाही." इतक्या वर्षांत ते कधी खोटं ठरलं नाही. मग मीही शुक्रवारी निर्धास्त असायचे आणि बाकीच्या वारी देवापुढे हात जोडायचे.

त्या शुक्रवारीही तुम्ही म्हणालात, "उंदरांनी शेडवरची एक केबल कुरतडलीय, तेवढी जोडतो आणि जेवायला येतो." चपला घातल्यात, "येतो गं" म्हणालात. मी पोळ्या लाटत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही, "या" म्हणायचंही राहिलं. कशाला बघेन? शुक्रवार होता.

तुमच्याबरोबर कामाला असायचे ते भोईर भाऊजी संध्याकाळी दारात उभे होते. आत येईनात. "मेन बंद केलेला वयनी, माझ्या डोल्यांनी बगितलाय. टेस्टरपन नाय पेटला. वरून येतंय ते मना तरी काय म्हाईत!" एवढा धिप्पाड माणूस, पण दाराची चौकट धरून रडला.

कारखान्याचे साहेबही आले नंतर. पाणी घेतलं नाही. "त्यांनी काळजी घ्यायला हवी होती," म्हणाले. तुम्ही! तुम्ही घरातला बल्ब बदलतानासुद्धा मला मेनपाशी उभी करायचात. दुसऱ्या दिवशी शनिवार, कारखाना सुरू झाला. ज्या पॅनेलच्या वायरीने तुम्हाला नेलं, त्याच पॅनेलवर मशीन चालली असतील. इकडे आपल्या घरी पंख्याखाली माणसं बसलेली आणि नेमकी लाइट गेली. कोणीतरी म्हणालंही, "गेली वाटतं."

काल अबोला सुटला. लाइट गेल्यामुळे सोसायटीचा पंप बंद होता आणि आम्ही दोघी टँकरला बादल्या लावून उभ्या होतो. टळटळीत ऊन. ती म्हणाली, "आई, बाबांनी चूक नाही केली. त्यांना शिकवलेलं तेच त्यांनी केलं. आधी मेन बंद, मग टेस्टर, मग हात. कोळशाच्या लाइटला ते बरोबर आहे."

"मग?"

"सोलरचं वेगळं असतं गं. खाली मेन बंद केला तरी पॅनेलच्या वायरीत करंट राहतोच, ऊन आहे तोपर्यंत. तिथे आमचा साधा टेस्टर चालत नाही. सूर्याला कुठे शुक्रवारची सुट्टी असते?"

"आणि हे त्यांना कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार? पॅनेल नवीन आणले, माणसं जुनीच बोलावली. शिकवायला कोणी आलंच नाही."

मी बादली तिथेच टाकली आणि वर आले. अहो, आपण विजेलाच लाइट म्हणतो ना! लाइट आली, लाइट गेली, सगळ्या घरांत हेच. तुम्ही भर दुपारी त्या पत्र्यावर उभे होतात, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, आणि म्हणालात, "चला भोईर, लाइट नाहीये." डोक्यावर एवढी लाइट होती हो! तुम्हाला दिसली कशी नाही? आणि मला तरी घरात बसून कशी सुचली असती? सगळं आयुष्य एका शब्दावर विसंबून काढलं आपण.

अक्षता मागून वर आली, दोन्ही बादल्या घेऊन. म्हणाली, "तू नको म्हण, मी नाही जाणार." झालं, सगळं माझ्या डोक्यावर! अगदी तुमचीच सवय. नको म्हणायला तोंड उघडलंही मी. तेवढ्यात ती म्हणाली, "टीममध्ये जुने वायरमन आहेत, आई. बाबांसारखेच. मेन पाडतात आणि बिनधास्त हात घालतात. मी ओरडले ट्रेनिंगला, तर हसले मला."

हसले! मला त्यांच्या बायका दिसायला लागल्या. कोणाची पोळी तव्यावर, कोणाची वरणाला फोडणी. मान वर न करता "या" म्हणणाऱ्या.

मग मी म्हटलं, "जा." आपल्याकडे निघणाऱ्याला जा म्हणत नाहीत, माहीत आहे मला. जीभ चावली. पण शब्द निघून गेला होता, आणि त्याचीच धास्ती घेऊन आज लिहायला बसलेय.

मला धीर आलाय असं समजू नका. ऊन मला आवडत नाही आता. गॅलरीत कपडे वाळत घालायचे तेवढ्यापुरतं सहन करते. परवा ती शिडी चढेल, तेव्हा मी इथे घड्याळ बघत बसणार आहे. तिला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही, वर आल्यावरसुद्धा. आत्ताच सांगून ठेवते.

पण तुम्हाला एक शब्द देते. पेढे आज परत तुमच्यापुढे ठेवलेत, जरा कडक झालेत, चालवून घ्या. आणि परवापासून ती दारात चपला घालून "येते" म्हणाली, की हातातलं सगळं टाकून मी दारात जाईन. तिच्या तोंडाकडे बघून रोज विचारेन, "लाइट गेली तर?" ती चिडेल, उशीर होतोय म्हणेल, म्हणू दे. "गेली तरी ऊन आहे, आई," हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी तिला "ये" म्हणणार नाही.

तुम्हाला म्हणायचं राहिलेलं ते "या" अजून तोंडातच असलेली,

तुमची "अगं",
सुलभा