सहावी जाळी

३ फेब्रुवारी, सोमवार

जाळ्या! परत त्याच मेल्या जाळ्या!

सकाळी पार्थचा सुप्याहून फोन. कंपनीच्या गेटवर उभा राहून बोलतो, म्हणजे मी अर्धंमुर्धं ऐकायचं आणि हो म्हणायचं. "आई, पप्पांच्या होडीला गिऱ्हाईक आलंय. पुण्याचे आहेत. फोटो आवडले त्यांना. फक्त खिडक्यांच्या जाळ्या फाटल्यात, तेवढ्या करून ठेवू. मी माणूस पाठवतो."

हे जाऊन आठ महिने झाले. कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले आणि लगेच मुंबईकडची एक जुनी होडी ट्रेलरवर घालून मुळा धरणावर आणली. लहानशी केबिन, झोपायला दोन बाकं, सहा सरकत्या खिडक्या. घराला रंग द्यायचा राहिला, माझ्या मशिनला मोटर बसवायची राहिली, पण होडी आली! शनिवारी दुपारी जायचे ते सोमवारी उजाडल्यावर यायचे. मी इथं राहुरीत लोकांच्या ब्लाउजांना हूक लावत बसलेली.

पूजेच्या दिवशी एकदाच बसले होते तिच्यात. काठाला बांधलेली, तिन्हीसांजेची वेळ. डासांनी नुसतं फोडून काढलं. पोटऱ्या टम्म सुजल्या. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद — "विजे, जाळ्या झाल्या की नेतो तुला." सहा वर्षं! त्यात पार्थचं लग्न झालं, निकिता घरात आली, जाळ्या मात्र झाल्या नाहीत.

आता परक्यासाठी होणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

माणूस आला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

माणूस आला. बॅकवॉटरपर्यंत गेला, होडी बघितली आणि परत आला. म्हणे, "मला पोहता येत नाही." अरे, गुडघाभर पाण्यात बांधलीय ती! पार्थला सांगितलं तर म्हणतो, दुसरा पाठवतो.

नको तुझा दुसरा. मीच करते. आयुष्यभर कापड बेतलंय, जाळी काय मोठी? लग्नसराईचे ब्लाउज पडलेत ढीगभर, त्यांना म्हणावं थांबा. मी नाही का थांबले!

९ फेब्रुवारी, रविवार

गेले होते. भीमाच्या खोपटाजवळ होडी आहे. भीमा तिथलाच, मासे धरतो, ह्यांच्या मागं होडीवर लक्षही तोच ठेवतो. मला बघून जाळं खाली टाकलं आणि उभाच राहिला. "वहिनी, तुमी? दादा गेल्यापून कुनीच आलं न्हाई बगा." म्हटलं, आले आता. शिडी धर.

आत गेले तर ह्यांचा वास. तंबाखू आणि डिझेल. मला वाटलं होतं रडू येईल, तर आला संताप! बाकावर स्वच्छ चादर, कोपऱ्यात स्टोव्ह, चहाचा एकच कप. एकच! दुसरा कप कशाला लागतोय.

एक जाळी काढायला सकाळ गेली. चौकट वर ढकलायची, वरच्या खाचेत शिरली की खालची बाजू आपल्याकडं ओढायची — अमृतनं सांगितलं होतं. अमृतचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे, पेठेत. सांगताना सोपं वाटलं. इथं खाचेत वाळलेलं शेवाळ, माती, कोळ्यांची जळमटं. चाकं गंजून जागेवरच बसलेली. वर ढकलायला गेले तर चौकट हलेना. शेवटी स्क्रूड्रायव्हर घातला, हाताचं सालटं गेलं, तेव्हा कुठं सुटली. बाहेर आली ती अर्धी जाळी चौकटीत आणि अर्धी लोंबकळत.

सरळ सांगते, वहीपाशी काय लाजायचं. मला एकच कळायला हवंय. हे "नेतो" म्हणायचे ते मनापासून की तोंडदेखलं? होडी विकली की विचारायला काहीच उरणार नाही. तशी आताही कोण उत्तर देतंय म्हणा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहाही चौकटी टेम्पोत घालून घरी आणल्या. पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्यात. शेजारची विजयमाला नावाची माझी मितीण — दोघींचं नाव एकच म्हणून मितीण — डोकावून म्हणाली, "अगं बाई, खिडक्या विकायला काढल्या का काय!" म्हटलं, नवऱ्यानं मागं ठेवलेलं काम आहे.

अमृतकडं जाळीचं कापड आणायला गेले. तो म्हणतो, "काकू, जाळी कशाला नवी? मच्छिंद्रकाकांनी नेलीय की अख्खा रोल. पूजा झाली त्याच आठवड्यात. मापं घेऊन आले होते कागदावर."

मी म्हटलं, शक्य नाही. तुझी चूक होतीय.

"नाही हो. माझ्याशी भांडून नेली, काळीच पाहिजे म्हणून. हिरवी तुमच्या काकूला आवडायची नाही म्हणाले."

घरी आले आणि एकही टाका घातला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडला रोल! होडीतच, उजवीकडच्या बाकाखाली, लाइफ जॅकेटच्या मागं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. काळी जाळी, सोबत जाळी चौकटीत धरून ठेवणाऱ्या रबराची वेटोळी आणि रबर दाबायचं ते लाकडी मुठीचं चाक. सगळं घेऊन ठेवलेलं.

मांडीवर घेऊन बसले तो रोल. भीमा बाहेरून हाका मारतोय, "वहिनी, काय चावलं का?"

म्हणजे मनात होतं ह्यांच्या. पूजा झाली त्याच आठवड्यात! माझ्या पोटऱ्यांची सूजही उतरली नसेल तोवर. मग राहून गेलं असेल. माणसाचं राहतं. माझ्या मोटरचं नाही का राहिलं.

मी सहा वर्षं काय काय मनात आणलं! तिथं कोणी असेल, इथवर आणलं. लाज वाटली. आज पहिल्यांदाच ह्यांच्या फोटोला हार नीट घातला, नाहीतर नुसता अडकवत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिली जाळी भरली आणि वाया घालवली.

भरतकामाच्या रिंगमध्ये कापड ताणतात तशी ताणली मी, ढोलकीसारखी. एका बाजूनं रबर दाबत गेले, दुसऱ्या बाजूनं ओढत गेले. दिसायला काय सुंदर! होडीवर नेऊन खाचेत बसवायला गेले तर आत जाईना. कोपरे खाचेत बसतात, मधला भाग बाहेरच राहतो. अमृतला फोटो पाठवला. नुसता हसतोय! "काकू, चौकटीची कंबर बारीक केली तुम्ही. एवढी ओढायची नसते. सैल टाकायची, रबर दाबलं की आपोआप ताण येतो."

अस्सा राग आला! कंबर म्हणे. ब्लाउजाला अर्धा दोरा इकडचा तिकडं झाला तर मी उसवून परत शिवते, आणि हा पोरगा मला ताण शिकवणार. पण बरोबर होतं मेल्याचं. रबर ओढून काढलं, जाळी सैल पसरली, चौकटीला मधे लाकडाचे तुकडे देऊन सरळ केली, पुन्हा भरली. गेली आत! सुळ्ळकन!

खाचांना मेणबत्ती घासली. पर्सची चेन अडकली की आम्ही तेच करतो. हे अमृतला माहीत नव्हतं. बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पार्थ फोनवर: "आई, किती वेळ लावतेस? रविवारी येतायत ते."

मुद्दाम लावतेय असं त्याला वाटतं. असेल. मला काय घाई आहे, माझी होडी थोडीच जाणार आहे. माझी कधी होती?

निकिता मागून बोलली ते ऐकू आलं — "राहू द्या ना, त्यांचा वेळ जातोय." वेळ जातोय! मी काय वेळ घालवायला बसलेय का इथं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

पाच झाल्या. भीमानं हात लावून सरकवून बघितल्या. "लई झ्याक झालंय वहिनी. दादा असतं तर..." म्हटलं, असते तर काय? बोल की. तो पाण्याकडं बघायला लागला. "काय न्हाई. चांगलं झालंय म्हनलं."

सहाव्या चौकटीचा कोपरा काढतानाच तुटला होता. तसला कोपरा अमृतकडं नाही, नगरहून मागवलाय, सोमवारी येईल म्हणतो. चौकट त्याच्याकडंच टाकली. पार्थ म्हणाला, एक नसली तरी चालेल, गिऱ्हाइकाला सांगू. सांगा.

ठरवलं. विकली जायच्या आधी एक रात्र मी तिथं झोपणार आहे. ह्यांनी नेलं नाही तर मी जाते. जाळ्या झाल्या की — झाल्या की आता! पार्थला काही सांगायचं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार. होडीवर

होडीत बसून लिहितेय! अक्षर हलतंय, माझं नाही, पाण्याचं.

उन्हं उतरताना भीमाला म्हटलं, हे जिथं नांगर टाकायचे तिथंच सोड मला. त्यानं आपली लहान होडी मागं बांधली, मशीन चालू केलं, निघालो. काठ केवढा लांब राहिला! पार मधे आणून नांगर टाकला आणि स्वतः त्या लहान होडीतून परत गेला. "उजाडल्यावर येतो वहिनी, चा घेऊन." भीती वाटली थोडी. मग नाही वाटली.

डब्यात भाकरी, ठेचा आणि मेथी आणली होती, ती खाल्ली. दोन कप आणलेत घरून. एक त्यांच्या कपाशेजारी ठेवला आणि एकात पाणी प्याले.

बिनजाळीच्या खिडकीला जुनी साडी खोचली, पण वारा सारखा ओढून नेतो. डासांची अगरबत्ती लावली, तीही भुरूभुरू जळून लगेच संपली. मरू दे. एका खिडकीतून किती येतील? अंगभर ओढून घेईन. आणि चावले तर चावले! आज सगळं सोसायची तयारी करून आलेय.

पाण्यावर सगळा लाल उजेड पडलाय. लांब कुणाच्या तरी शेतावर मोटर चाललीय, तिचा आवाज इथवर येतो. हे इथं बसून काय करत असतील ते आज कळलं. काही करत नसतील. नुसते बसत असतील.

आज राग नाही. खरंच नाही. तेवढं एक काम राहिलं बिचाऱ्यांचं, ते मी केलं. आता हिशेब मिटला म्हणते. ऐकताय ना? जाळ्या झाल्या. आले मी.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक डास नाही. खिडकी रात्रभर सताड उघडी, साडी पाण्यात गेलेली, मी उघड्या पायांनी झोपलेली, आणि अंगावर एक फोड नाही.

भीमा चहा घेऊन आला. त्याला विचारलं. "मधी कुठं येत्यात डास, वहिनी? हितं वारं असतंय. डास काठाला. दादा तर कवाच आत झोपलं न्हाईत, वर टपावरच टाकायचं अंथरूण. उगड्यावर." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं चहा तसाच खाली ठेवला.

मच्छिंद्र, तुला मी नको होते तर तसं सांगायचंस. एक दिवस रडले असते, दुसऱ्या दिवशी मशिनवर बसले असते. सहा वर्षं मी जाळ्यांची वाट बघितली रे.

पार्थला फोन केला. गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांग, होडी विकायची नाही.

भीमाला म्हटलं, गादी वर टपावर टाक.