मनकर्णाबाईंच्या घरातली सात माणसं

वर्धा
शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

ती. मंजुषाताईस,
सा. न. वि. वि.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टरांनी आपल्या दोघींना लावलेली शनिवारच्या पत्राची सवय साठी उलटली तरी जात नाही. आजचं पत्र मात्र थोडं चौकशीचं आहे.

आमच्या संस्थेने तळेगावात घरोघर माणसं मोजली, हे तुला ठाऊकच आहे. चार वर्षं मी हेच करते आहे: कुठल्या गावातून किती जण कामासाठी गेले आणि तिथे मतदान किती झालं. बाकीची गावं रिकामी होत आहेत. तुमचा वॉर्ड मात्र भरलेला, आणि मतदानही सगळ्यांत जास्त. आमचे नरहर सर खूश. जागं गाव म्हणून अहवालात वेगळी चौकट टाका म्हणाले.

काल तुमच्याच घराचा अर्ज हाती आला. राहणारी माणसं सात. ताई, तू, कैलासभाऊजी आणि तुझ्या सासूबाई मनकर्णाकाकू, मला तर तीनच मोजता येतात. सिस्टर माझ्या गणिताला हसायच्या, पण इतकं कच्चं ते नव्हतं.

अहवाल महिनाअखेर द्यायचा आहे. दमले आहे गं. लवकर लिही.

तुझी,
लीना

तळेगाव (श्यामजी पंत)
शनिवार, ३१ ऑगस्ट २०२४

चि. लीनास,
अ. आ.

माणसं मोजायला तुमची अंकिता आली तेव्हा मी आर्वीला दवाखान्यात गेले होते. सासूबाई एकट्या होत्या. पोरीच्या हातात कागद, गळ्यात ओळखपत्र. त्यांना वाटलं, मतदारयादीवालीच आली. जो गावात राहत नाही त्याचं नाव कापून राह्यले, अशी गावात बोलवा होती. म्हणून त्यांनी माझा दीर धनंजय, त्याची बायको आणि दोन पोरं घरात बसवून टाकली. पोरं दिसत नाहीत म्हटल्यावर शाळेत गेलतीत म्हणून सांगितलं, वर चहा पाजला.

धनंजय अकरा वर्षं चाकणला आहे. परवा पोळा, येणार नाही. दिवाळीला सुटी मिळत नाही. मतदानाला तेवढा येतो. पुण्याहून गाडी भरून येते, कोण पाठवतं ते विचारू नकोस. एक दिवस राहतो, कोथिंबिरीची सांबारवडी खातो, बोटाची शाई आईला दाखवतो आणि जातो. नाव कटलं तर त्यानं यावं काऊन, असं सासूबाई मलाच विचारतात. शेजारच्या शोभाबाईंनीही दोन्ही मुलं अशीच लिहून दिली.

तुझं जागं गाव म्हणजे या म्हाताऱ्या आहेत, लीने.

खरं लिहायचं असेल तर लिही. पण त्याचं नाव कटलं तर मी या घरात तोंड कसं दाखवू, तेही सांग. तब्येतीला जपजो.

तुझी ताई,
मंजुषा

वर्धा
शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

ती. मंजुषाताईस,
सा. न. वि. वि.

आधी काकूंना सांग, आमचा अर्ज कचेरीत जात नाही. त्यामुळे कुणाचं नाव कटणार नाही.

अंकिता तुमच्या वॉर्डातल्या साठ घरांत पुन्हा फिरून आली. एकेचाळीस घरांतली माणसं कमी झाली. पुंडलिकराव नावाच्या आजोबांनी तर कोण कुठल्या वर्षी कितीच्या बसने गेला, तेही सांगितलं. चौकट गेली, अहवाल दोन महिने लांबला. नरहर सर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. एवढी वर्षं शिकवूनही विचारायचा प्रश्न मला कळला नाही, याचाच शीण जास्त आहे.

तुमचं घर मात्र मी राहू दिलं. काकू स्वतः सांगत नाहीत तोवर त्यांचे सात मी खोडणार नाही. हे शास्त्रात बसत नाही. वसतिगृहात माझं पत्र यायचं नाही, तेव्हा तू तुझं मला वाचायला द्यायचीस, ते सारखं आठवतं आहे.

तुझ्या मायेची,
लीना

तळेगाव (श्यामजी पंत)
शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

चि. लीनास,
अ. आ.

धनंजयचा फोन आला. त्याने चौघांपैकी मतदार असलेली दोन्ही नावं पुण्याला हलवून घेतली. मोबाईलवरच झालं म्हणाला, कचेरीत जावं लागलं नाही. तिकडे पोरांच्या शाळेला, घराच्या कागदांना बरं पडतं. मतदान दोन्हीकडे वीस तारखेलाच, म्हणजे आता येणं नाही. कोणी कापलं नाही गं, त्यानेच नेलं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं. त्याला पोरांले स्वेटर घालत जाय एवढंच बोलल्या. दोन दिवस वाडीतल्या सांबाराकडे फिरकल्या नाहीत. आज सकाळी मला बसवून म्हणाल्या, लीनाले लिही, मी त्या पोरीशी खोटं बोलली. सात नाई, तीन. बिचारीचं काम माह्यापायी अडून राह्यलं असंल.

सांबार जून होऊन जाईल, म्हणून वीस तारखेला वड्या करायच्याच आहेत. तुझं मत वर्ध्याला सकाळीच देऊन टाक आणि आर्वीच्या बसने ये. सासूबाईंनीच बोलावलं आहे, शाई लावलेलं बोट घेऊन येजो म्हणाल्या.

मात्र तू राहून गेलीस तरी अर्जावर तीनच असू दे, असंही त्यांनी दोनदा बजावलं आहे.

वाट पाहणारी,
मंजुषाताई