सीट मागेच अडकलीय

वेंडेलकाका,

बाबांची चॅलेंजर गाडी सुरू झाली. सत्तावीस वर्षं कोठारात पडून होती, पण सडकं पेट्रोल उपसून नवी बॅटरी टाकली तशी गुरगुरली.

अडली फक्त सीट. पार मागे सरकवलेली, तिथेच गंजून बसलीय. क्लचला माझा पायच पोचेना, आणि बाबा तर माझ्याएवढेच बुटके होते. शाळेतून येणाऱ्या लोरीनला उडवलं तेव्हा गाडी तेच चालवत होते, असं तुम्ही कोर्टात शपथेवर सांगितलंत. त्यानंतर गाडीला कुणाचा हात लागला नाही, हेही तुमचंच म्हणणं. बाबा तुरुंगातच वारले.

सूप शेगडीवर आहे, गरम करून घ्या. मी पाठीला दोन उशा लावून लोरीनच्या आईला आणायला चाललोय. तुमच्या पिकअपची किल्ली माझ्या खिशात आहे, तेव्हा घरीच थांबा. आम्ही आलो की त्या सीटवर एकदा बसून दाखवा.

कोडी