यांच्या तोंडची कविता

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
नांदुरा, ता. ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. शरयूस अ. उ. आ.

फोन तुझ्या दादाच्या हाती असतो, म्हणून पोस्टात टाकते. दिवाळी अंकात तुझ्या दादाच्या, म्हणजे भागवतरावांच्या नावानं आलेली कविता त्यांची नाही, माझी आहे. एकादशीला साबुदाणा भिजेपर्यंत केली. तिच्यात नवरा बोलते:

घरात मीठ कुठं, देवाले ठाऊक;
कमी पडलं की मात्र मलेच कळते!

आता ‘मी’ म्हणणारा पुरुष, तर खाली बाईचं नाव कसं घालू? माझ्या हिशेबात ज्याचा खर्च त्याच्याच नावावर पडतो. घातलं यांचं नाव. आता तुमच्या काव्यमेळाव्याचं बोलावणं यांना आलं अन् हे निघाले! मी म्हटलं, कविता माझी आहे. तर म्हणतात, नाव कोणाचं ते पाह्य, अन् तिच्यात बोलणारा बी मीच आहो. नवा सदरा शिवायला टाकला, तेवढ्यात माझी दोन पातळं आली असती.

मले शाल नको. पण कविता माझी आहे, हे चार लोकांत एकदा कोणी म्हणावं. तू समितीत आहेस, पाह्य काही जमते का.

आमच्या जावयांना, उद्धवरावांना नमस्कार. माया आहे तशी दाट राहू दे.
तुझी वहिनी, रुख्मिणी

बुलढाणा, ता. १० डिसेंबर

ती. सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

पत्र वाचताना चहा सांडला. पत्रिका छापून झाल्या, अध्यक्ष नाव बदलायला तयार नाहीत. म्हणतात, बाईनं पुरुषाच्या तोंडून बोलणं बरं दिसत नाही. मी विचारलं, तुमच्या भजनी मंडळात मिशावाले आजोबा गवळण होऊन कृष्णाची तक्रार सांगतात, ते बरं दिसते काय? म्हणाले, ती भक्ती आहे. मग मी म्हटलं, नवऱ्याची इतकी बारीक ओळख ही काय कमी भक्ती झाली? त्यावर त्यांनी पान खाल्लं.

एक मात्र आहे. प्रत्येक कवीनं दोन कविता म्हणायच्या असं ठरलं. दादाला हे कळवायचं मी विसरणार आहे. तुम्ही दुसरी पाठ करून या.

चुकलंमाकलं पोटात घाला, ते मोठं आहेच.
आपली, शरयू

नांदुरा, ता. ३० डिसेंबर

चि. सौ. शरयूस अ. उ. आ.

मेळाव्यात तू चहाच्या गडबडीत मांडवामागे होतीस, म्हणून लिहिते. मिठाच्या ओळीला बाया अशा हसल्या की यांची मान वर झाली. मग अध्यक्षांनी दुसरी मागितली. यांनी नव्या सदऱ्याचे खिसे चाचपले, इकडेतिकडे पाह्यलं, अन् सवयीनं माईकवरच मला विचारलं की दुसरी कुठं ठेवली.

सारा मांडव लोटपोट! मीच गजानन महाराजांचं नाव घेतलं अन् मंचावर गेले. दुसरी म्हटली:

टावेल दिसते खुंटीवर, पण हाक मी तुले मारतो;
मंगळाष्टकं झाल्यावर माणूस कुठं हात लांबवतो?

मग खुद्द यांनीच माईकवर कबूल केलं की दोन्ही हिच्याच, मी नुसता माल पुरवला. शाल माझ्या अंगावर पडली, नारळ यांच्या हाती. त्याची चटणी झाली.

पण शरयू, नुकसान झालं. त्या दिवसापासून हे टावेल आपल्या हातानं घेतात, मिठाचा डबाही सापडला. माझं लिहिणं पार बसलं. तर उद्धवराव मोजे कोणाला मागतात, ते सविस्तर कळव. नाव त्यांचंच घालीन.

देवाची दया अन् तुझी माया, दोन्ही चालू असू दे.
तुझी वहिनी, रुख्मिणी