मालकाची परवानगी

११ मार्च
शिमग्याला आलो. वीर स्टेशनला उतरून रिक्षानं महाड, तिथून एसटीनं पोलादपूर, मग घाटाच्या तोंडाशी आमची वाडी. वापीच्या शेठनं दिवाळीला दिलेली डायरी आज उघडली. सातवीनंतर पेन धरलंय ते हजेरीला सही करण्यापुरतंच.
दारासमोर उभा राहिलो तर दारावरची पेटी बाईच्या गोड आवाजात बोलली, स्वागत आहे, पाहुणे. तिच्यावरचा दिवा हिरवा झाला, कुलूप खटकन उघडलं. एकटाच हसलो. किशोरदादा महाबळेश्वरच्या बंगल्यांत असल्या पेट्या बसवायचा. उरलंसुरलं सामान आणून त्यानं आपलं घर पण तसंच केलं. दिवे, पंप, दार, सगळं पेटीच्या ताब्यात. माझा फोटो त्यानंच घातलेला, पाहुणा म्हणून. चुकला नाय. मी कुठं एका जागी टिकतो?
दादा घाट उतरायला लागला की पेटी सांगायची, मालक निघाले, आणि न्हाणीत पाणी तापायला लागायचं. ते ऐकून आय भाकरी थापायला घ्यायची. दादाला जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हा मी दोनच दिवस आलो होतो, डोळ्यांना काय दिसलंच नाय. घर आज बघितलं. चांगलं बांधलंन त्यानं.

१२ मार्च
आयचं आणि पेटीचं रोजचं भांडण. आय म्हणते, दिवा लाव गो. ती म्हणते, क्षमा करा, समजलं नाही. आय म्हणाली, मेली शिकलेली हाय, आपलं कशाला ऐकंल. खूप हसलो.
मग शेजारच्या राहीबाईनं सांगितलं, गेल्या महिन्यात दार उघडलंच नाय, आय दिवसभर आत कोंडलेली. खिडकीच्या गजांतनं तिनं पाणी दिलं. संध्याकाळी दार आपोआप उघडलं.
कंपनीला फोन लावला. माणूस गोड बोलला. सगळं मालकाच्या मोबाइलवर आहे, त्यांनी ‘हो’ दाबलं की तुमच्या नावावर. म्हटलं मालक वारला, टेम्पो दरीत गेला, माणूस वर काढला, मोबाइल नाय सापडला. तो म्हणाला, वाईट वाटलं ऐकून, पण परवानगी मालकाचीच लागते. नाहीतर सगळं उखडा. आमच्या पेटीशिवाय ना दिवा लागेल, ना पंप.
त्यानं सांगितलं तशी विनंती पाठवली. दादाचा नंबर लावून बघितला. बंद.

१४ मार्च
पालखी दारात आली. मी ढोलाबरोबर बाहेर, आय आरतीचं ताट घेऊन आत, आणि दार उघडेना. देव उन्हात ताटकळला. राहीबाई ओरडली, देवाला पण ओटीपी लागतो काय रे हृतिक? सगळे खिदळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तेवढ्यात पेटी बोलली. मालकांनी परवानगी दिली आहे.
दार उघडलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आय पालखीपुढं वाकली ती रडतच. कुणी दिली परवानगी ते कुणीच विचारलं नाय. मोबाइल बघितला, नावावर करायची माझी विनंती अजून तशीच पडलेली.

१५ मार्च
दादाच्या नंबराचं विचारायला पोलादपूरला मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानातली सेजल म्हणाली, तुझी आय दर महिन्याला येते, दादाच्या नंबरात रिचार्ज मारून घेते. नंबर बंद पडला तर पोरगा वाट चुकंल म्हणते.
आयला विचारलं. ती म्हणाली, तू पण लांबच असतोस ना रे? मग?
नंबर परत लावला. वाजला. कुणीतरी उचलला. बोललं नाय. नुसते दगड घरंगळत होते. कुणी चढण चढतंय तसे.

१६ मार्च
दिवेलागणीला पेटी म्हणाली, मालक निघाले.
न्हाणीत पाणी तापायला लागलं. आय उठून पीठ मळायला बसली. म्हटलं, आय, चल माझ्याबरोबर वापीला. नाय म्हणाली. म्हटलं, मग कुलूप तोडतो, परत कोंडली गेलीस तर? ती दाराला पाठ लावून उभी राहिली. कुलूप काढलंस तर किशोर आत कसा येईल?
कुणी आलं नाय. भाकऱ्या तशाच टोपलीत.

१७ मार्च
पोलादपूरहून लोखंड कापायचं मशीन आणलं. येतो तर सगळे दिवे चालू. दार बंद. पेटी म्हणते, मालक घरी आले आहेत. पाहुण्यांचा प्रवेश बंद.
ओट्यावर बसून लिहितोय. मशीनला वीज पायजे. ओट्यावरचं बटण पण पेटीचंच—
आय आत बोलतेय. हसतेय. दोन वर्षांत तिचं हसणं नव्हतं ऐकलं. एक ताट मांडलं. दुसरं—
हाका मारल्या. आय, दार उघड. ती आतनं म्हणते, किशोर, भाऊ आलाय रे लांबनं, त्याला आत—
पेटी म्हणते, मालकाची परवानगी मागितली आहे
न्हाणीतलं पाणी थांबलं. ओली पावलं, दाराकडं—
दादा, मला नको. आयला तेवढी सोड—
दिवा हिरवा झा